चटईतली मोकळी जागा

त्या बेटावर उंच झाड नव्हते. समुद्रावरून येणारा खारा वारा कुणालाही डोके फार वर काढू देत नसे, म्हणून सगळे बेट झुडपांचे होते. किनाऱ्यावर केवडा, खडकाळ उतारावर तरवड, पठारावर बोरी. आपण कुठे संपतो आणि शेजारी कुठे सुरू होतो, हे विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मग शेळ्या वाढल्या. त्या वाटेल तिथे चरू लागल्या आणि झुडपांची गाऱ्हाणी समुद्रगरुडापर्यंत गेली. राज्य त्याचे होते. तो न्यायी होता. पण फार उंचावरून पाहत असल्याने त्याला सगळे बेट सारखेच हिरवे दिसे. त्याने ठरवले, आधी नकाशा व्हावा. ज्या जागेवर कुणाची वस्ती दाखवली असेल, तिथे शेळीने पाऊल टाकू नये.

काम एका म्हाताऱ्या सुगरण पक्ष्याकडे आले. झुडपांविषयी त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते, आणि आपल्याला पुरेसे ठाऊक नाही याची खात्रीही त्याच्याइतकी कुणाला नव्हती. त्याने नकाशाची चटई विणायला घेतली. केवड्याच्या वस्तीला केवड्याच्या पातीचा धागा, तरवडाच्या वस्तीला तरवडाच्या सालीचा. नियम त्याने स्वतःच केला होता: अर्ध्याहून अधिक जमीन ज्याने झाकली, वस्ती त्याची. तरीही विणलेले तो पुन्हा पुन्हा उसवी, जागेवर जाऊन पाही आणि बहुधा तसेच परत विणी.

बोरींचे पठार आणि तरवडाचा उतार यांच्यामध्ये एक खिंड होती. समुद्राचा वारा बेटात शिरायचा तो तिथूनच शिरला असता. पण खिंडीत एक दाट जाळी होती. करवंदी, निर्गुडी आणि गुळवेल एकमेकींत इतक्या शिरल्या होत्या, की अर्धी जमीन एकीचीही भरेना.

"तुमच्यात जास्त कोण?" सुगरण पक्ष्याने विचारले.

"मीच की," करवंदी म्हणाली. "काटे मोजा हवं तर."

"काटे मोजतात का कुठे? सावली मोजा, शास्त्रीबुवा," निर्गुडी म्हणाली. "आणि ही वरची बया दुसऱ्याच्या अंगावर पसरलेली. तिला धरूच नका."

"मला काढून तर बघा," गुळवेल वरून म्हणाली. "मग तुम्ही दोघी किती उभ्या राहता तेही बघू."

तिघी हसल्या. तेवढ्यात वारा आला, आणि हसता हसताच तिघींनी तो अडवला.

पक्षी निघाला तेव्हा करवंदीने त्याला थांबवले. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "बुवा, तिघींतलं कुणाचंही नाव घाला. आम्ही भांडणार नाही. पण घाला."

त्याने तसे केले नाही. नकाशात खोटे नाव घालणे त्याला जमण्यासारखे नव्हते. खात्री झाली की विणू, असे म्हणून त्याने खिंडीपुरती चटई मोकळी सोडली. मोकळे म्हणजे अजून कळले नाही, असे त्याच्या मनात होते. चटईत मात्र ते कुठेच विणलेले नव्हते.

चटई दरबारात टांगली गेली. प्रत्येकाने आपापला धागा शोधला. केवडा तर कितीतरी वेळ स्वतःकडेच पाहत राहिला. मग शेळ्यांची म्होरकी पुढे आली. ती अदबशीर होती.

"महाराज, आम्ही कुणाच्या घरात शिरणार नाही. पण जिथे कुणीच नाही तिथे चरलो तर चालेल ना?" तिने शिंगाने मोकळी जागा दाखवली.

समुद्रगरुडाने पक्ष्याकडे पाहिले. "तिथे कोण आहे?"

कोण, या एका शब्दापाशी पक्षी अडला. तो मनात वाक्य जुळवू लागला. त्यात एक 'तथापि' होते आणि ते त्याला पटत नव्हते. शेवटी तो म्हणाला, "महाराज, निश्चित काही सांगता येत नाही."

"म्हणजे कुणी नाही," म्होरकी हळूच म्हणाली. समुद्रगरुडाला पुढची गाऱ्हाणी ऐकायची होती. त्याने मान डोलावली.

त्यानंतर पक्षी बोरींची कड तपासायला पठारावर जाऊन राहिला. तिथे एका सकाळी घरट्याचा लोंबता दोर दुरुस्त करताना त्याची चोच थबकली. दोर तीन वेगळ्या तंतूंना पीळ देऊन केलेला होता. आयुष्यभर त्याची सगळी घरटी अशाच पिळावर लोंबत आली होती.

तो तसाच खिंडीकडे उडाला. तिघींचा एकेक तंतू मागायचा, एवढेच राहिले होते.

खिंडीत कुरतडलेले बुंधे होते आणि वाळलेल्या लेंड्या होत्या. त्याने बुंध्यांवरची उरलीसुरली साल सोलली, गुळवेलीचा जमिनीवर पडलेला तुकडा घेतला, तिन्हींना पीळ दिला आणि तो चोचीत धरून दरबारात आला.

"या शास्त्रीबुवा," समुद्रगरुड म्हणाला. "कालच वरून सगळे बेट पाहिले. तुमची चटई फार अचूक निघाली. जिथे तुम्ही मोकळे दाखवलेत, तिथे अगदी तेवढेच मोकळे आहे."

बोलायचे तर चोच उघडावी लागली असती आणि पीळ खाली पडला असता. पक्षी उभा राहिला. खिंडीतून आलेला खारा वारा दरबारापर्यंत पोहोचला आणि चटईच्या मोकळ्या जागेतून पलीकडे गेला. तिच्या कडेचा बोरीचा एक धागा सुटून हलू लागला. मग त्याच्या शेजारचा, तरवडाचा.