ठुमकी चालेना

टिकली उंदरणीला रात्री झोप येईना.
ठुमकी गाडी बाहेर. बाहेर काळोख.
“गाडी घाबरली तर?”
टिकली उठली. गाडीतला दिवा लावला. मग कुठे डोळा लागला.

सकाळी मावशीचा फोन आला. “अगं टिकले, मी स्टँडवर बसलेय. काय ऊन गं हे! ये लवकर!”
टिकली गाडीत बसली. तिची लेक राई मागे बसली.
टिकलीनं किल्ली फिरवली.
टक्. टक्.
बस्स. पुढे काही नाही.
“ठुमके, काय झालं गं?”
“बॅटरी संपली. जीपकाका वीज देतील, तर चालेन.”
“अगं बाई! मला कुठलं जमतंय?” टिकली म्हणाली.
पण निघाली. राई मागे मागे.

तुरु तुरु, तुरु तुरु.
“जीपकाका, जीपकाका, वीज द्या ना!
ठुमकी चालेना.
मावशीचं ऊन टळेना!”
“देतो की! पण आधी वायरी आण.”

तुरु तुरु, तुरु तुरु.
लाल वायर, काळी वायर. खिळ्यावर लोंबत होत्या दोघी.
“वायरींनो, वायरींनो, चला ना!
जीप वीज देईना.
ठुमकी चालेना.
मावशीचं ऊन टळेना!”
“ई! बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी! आधी ब्रशला घासू दे.”

तुरु तुरु, तुरु तुरु.
“ब्रशभाऊ, ब्रशभाऊ, घासा ना!
वायरी येईनात.
जीप वीज देईना.
ठुमकी चालेना.
मावशीचं ऊन टळेना!”
“दिव्याचं बटण चालू आणि मी घासू? मुळीच नाही! आधी बटण बंद होऊ दे.”

तुरु तुरु, तुरु तुरु.
“बटणा, बटणा, बंद हो ना!
ब्रश घासेना.
वायरी येईनात.
जीप वीज देईना.
ठुमकी चालेना.
मावशीचं ऊन टळेना!”
बटण म्हणालं, “टिकलीबाई, रात्री मला दाबलं कोणी?”
टिकलीनं मिशी खाजवली. शेपटी लपवली.
“मी.”
“मग गावभर काय फिरतेस? दाब तूच!”

टिकलीनं बटण दाबलं. टुक्!
“राई, लांब उभी राहा. अजून लांब. हां, तिथंच.”
टिकलीनं हातमोजे घातले.
बटण बंद झालं, मग ब्रश घासू लागला. खसा खसा, खसा खसा.
ब्रशनं घासलं, मग वायरी आल्या.
वायरी आल्या, मग जीपकाका आले. जवळ आले, पण ठुमकीला चिकटले नाहीत.
“काका, इंजिन बंद करा हं!”

लाल टोक ठुमकीच्या बॅटरीच्या अधिक खुणेला.
दुसरं लाल टोक काकांच्या अधिक खुणेला.
काळं टोक काकांच्या उणे खुणेला.
दुसरं काळं टोक...
टिकलीचा हात थांबला. ठुमकीच्या बॅटरीला?
“छे! बॅटरीला नाही. लांब, ठुमकीच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी उडाली तर लांब उडू दे!”
“वा गं पठ्ठी!” जीपकाका म्हणाले.

जीपकाका सुरू झाले. घुर्रर्र!
सगळे थोडं थांबले.
टिकलीनं किल्ली फिरवली.
टक्... टक्... घुर्रर्र!
ठुमकी चालू!
वायरी सोडल्या. शेवटी लावलेली काळी सगळ्यात आधी, लाल नंतर.
आणि ठुमकी निघाली. ढुर्र ढुर्र, ढुर्र ढुर्र.

मावशी गाडीत बसली. घाम पुसला.
“एवढा उशीर?”
“गाडी बंद पडली होती,” टिकली म्हणाली. “मी चालू केली.”
“तू?”
“मी!” टिकलीच्या मिशा ताठ झाल्या.

राई मागून पुढे वाकली. म्हणाली,
“मावशी, तू पण एक गाडी घे. मग ती बंद पाड. माझी आई चालू करेल!”