वानराची फांदी आणि काकांचा ओंडका

ओढ्याकाठच्या एका रानात, बेहड्याच्या जुन्या झाडावर, उडत्या सरड्याचे एक पिल्लू राहत असे. मुलांनो, नावावर जाऊ नका. उडता सरडा पाखरासारखा उडत नाही. त्याच्या बरगड्यांना दोन्ही बाजूंनी कातडीचा एकेक पडदा असतो. ते पडदे पसरून तो या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. खरे सांगायचे तर तो पडतच असतो, फक्त तिरका पडतो आणि ऐटीत पडतो. आपल्या पिल्लाला मात्र हे पडणे अजून येत नव्हते.

आणि दिवस तर वाईट आले होते. बेहडा वाळू लागला, तसे त्याच्यावरच्या मुंग्यांनी आपले बिऱ्हाड ओढ्यापलीकडच्या फणसावर हलवले. मुंग्या हेच या सरड्यांचे अन्न. मग बहुतेक मोठे सरडे एकेक करून तरंगत पलीकडे गेले. मधे पाणी, त्यामुळे चालत जायची सोय नाही. पिल्लू रोज फांदीच्या टोकापर्यंत जाई, खाली पाही आणि मागे सरकत सरकत पुन्हा खोडाला चिकटे. पोटात कावळे ओरडत होते. उडी मारली तर मरू आणि नाही मारली तरी मरू, असे त्याला वाटू लागले.

त्याच रानात एक वानर उडीचा वर्ग चालवत असे. सगळ्यात उंच ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर त्याची फांदी होती. "माझ्याकडे एका सकाळी शिकून मोकळं व्हायचं!" असे तो ओरडून सांगे. त्याची पद्धतही सोपी होती. पिल्लाला टोकावर उभे करायचे, पाठीत एक धक्का द्यायचा, झाले शिक्षण! वानराला स्वतःला पडदे नव्हते. फांदी पकडायला त्याला हात होते, पाय होते आणि तोल सांभाळायला हातभर शेपूट होते. पण गर्दी पाहिली की असल्या गोष्टी कोण विचारात घेतो? ज्यांना उडी जमली होती ती पिल्ले "काही नाही रे, सोपं असतं" असे सांगत फिरत. ज्यांना जमली नव्हती, ती काही सांगायला आली नव्हती.

भुकेने कासावीस झालेले आपले पिल्लू एके सकाळी त्या फांदीवर जाऊन उभे राहिले. त्याच्या पुढच्या पिल्लाला वानराने धक्का दिला आणि ते झकास तरंगत पलीकडे पोहोचलेसुद्धा. टाळ्या पडल्या. आता आपल्या पिल्लाची पाळी आली. त्याच्या नखांनी फांदी घट्ट धरून ठेवली होती, सोडता सुटेनात.

"वानरदादा," ते हळूच म्हणाले, "एक पडदा उघडलाच नाही तर काय करायचं?"

"उघडतो रे!"

"पण नाहीच उघडला तर?"

"काही होत नाही!" वानर खेकसला. "एवढे प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातून कधी काही झालंय का? चल, हो पुढे. मागं रांग लागलीय."

पिल्लू पुढे झाले नाही. ते वळले आणि रांगेतल्या सगळ्यांच्या अंगावरून, शेपट्यांवरून खाली उतरू लागले. "घाबरट! घाबरट!" असा एकच गलका झाला. मुलांनो, वर चढताना त्याला जितके भय वाटले होते, त्याहून जास्त लाज उतरताना वाटली. डोळे भरून आल्यामुळे त्याला खोडाची सालही नीट दिसत नव्हती.

खाली एका पडलेल्या ओंडक्यावर एक म्हातारा उडता सरडा बसला होता. रानात सगळे त्याला काका म्हणत. ओंडका असेल जेमतेम दोन वीत उंच, आणि त्याच्याभोवती वाळल्या पानांचा ढीग. पिल्लाने त्यालाही तोच प्रश्न विचारला.

"माझा नव्हता उघडला एकदा," काका म्हणाले. "एकच उघडला तर आपण भोवऱ्यासारखे गरगरतो. म्हणून उघडलेला पडदाही मिटून घ्यायचा, चारही पाय फाकायचे, शेपटी ताठ करायची आणि जे समोर येईल त्याला मिठी मारायची. हे आधी शिक. उडीचं मग बघू."

तीन दिवस काकांनी त्याला एकही उडी मारू दिली नाही. पाय फाकणे, एकटा डावा पडदा उघडून मिटणे, शेपटी ताठ करणे, सगळे ओंडक्यावरच. शिवाय त्यांचा एक नेम होता. उडीच्या आधी दोन्ही पडदे पूर्ण उघडायचे आणि दुसऱ्याला पुढून-मागून दाखवायचे. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नसते, असे ते म्हणत. पिल्लू कंटाळले. एवढ्याशा ओंडक्यावरून पडून कोण मरतो, असे त्याच्या मनात येई. आणि तीन दिवसांत पोटात गेली होती फक्त एक वाळवी आणि एक चिलट.

चौथ्या दिवशी काका म्हणाले, "आता मार उडी. आधी उघडून दाखव."

"उघडलेत हो, काका!" असे म्हणत, पाठ न फिरवताच, पिल्लाने उडी मारली. डावा पडदा फटकन उघडला. उजवा उघडलाच नाही! आभाळ खाली, जमीन वर, पुन्हा आभाळ. पिल्लाला किंचाळायलाही वेळ मिळाला नाही. पण तीन दिवस घोटवलेले अंगाने आपणहून केले. डावा पडदा मिटला, पाय फाकले, आणि ते धप्पकन पानांच्या ढिगात पडले. तोंडात माती गेली, नाक खरचटले, एवढेच.

काका खाली उतरले. रागावले नाहीत. त्यांनी पिल्लाच्या उजव्या कुशीला चिकटलेली जुन्या कातीची एक पातळ पट्टी तोंडाने ओढून काढली. तिनेच पडदा बांधून ठेवला होता.

"आठवडाभर कात सुटतेय तुझी," ते म्हणाले. "त्या दिवशी वर उभा होतास, तेव्हाही ही पट्टी होतीच."

पिल्लाने मान वर करून ऐनाचा शेंडा पाहिला. इथून ती फांदी दिसतही नव्हती. मग मात्र ते असे थरथरू लागले की पाने वाजू लागली. त्या दिवशी काकांनी पुन्हा उडीचे नाव काढले नाही. त्याच्याजवळ नुसते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पिल्लू पुन्हा ओंडक्यावर चढले. मग ओंडक्यावरून झुडपावर, झुडपावरून खालच्या फांदीवर, असे करत पंधरा दिवस गेले. पिल्लू वाळून काटकी झाले होते. सोळाव्या दिवशी काकांनी त्याचे पडदे दोनदा तपासले, आणि पिल्लू बेहड्यावरून निघाले ते ओढ्यावरून तिरके तरंगत थेट फणसाच्या खोडाला जाऊन चिकटले. समोरून मुंग्यांची रांग चालली होती. पोटभर खाल्ल्यावरही त्याने खोड घट्ट धरूनच ठेवले होते.

"काका," मागून आलेल्या काकांना ते म्हणाले, "उडी जमली, पण भीती काही गेली नाही."

"जाऊ नये," काका म्हणाले. "ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मला सांग. तुला परत ओंडक्यावर नेऊन बसवतो."

तात्पर्य : जिवाशी गाठ असलेली विद्या शिकताना 'काही होत नाही' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये, 'झालेच तर काय करायचे' हे आधी शिकवील तो गुरू धरावा, आणि पहिल्या चुका जमिनीजवळच करून घ्याव्यात.