झिपरीची शेंग गेली कुठं?

एक होती खारुताई. नाव तिचं झिपरी. शेपूट झुबकेदार, डोळे लुकलुक.

तिचा भाऊ बुटका. बुटक्याचा पाय मुरगळलेला. बिचारा घरट्यात बसून. घरटं कुठं? रेवाच्या घराच्या वळचणीला.

काल झिपरीनं एक शेंग लपवली. भुईमुगाची. तीन दाण्यांची. आज बघते तर काय? कुठं लपवली, तेच आठवेना!

"ताई, भूक!" बुटका म्हणाला.

ओसरीवर रेवा लॅपटॉप घेऊन बसली होती. कालच तिनं झिपरीचा व्हिडिओ काढलेला. त्यात झिपरी, त्यात शेंग.

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, टुप्!

"लॅपटॉपभाऊ, लॅपटॉपभाऊ, शेंग दाखव.
बुटका माझा उपाशी!"

लॅपटॉप म्हणाला, "मी एवढासा. माझ्यात शेंग मुंगीएवढी. टीव्ही मोठ्ठा. त्याला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु, टुप्!

"टीव्हीदादा, टीव्हीदादा, चित्र दाखव.
लॅपटॉप दाखवेना शेंग,
बुटका माझा उपाशी!"

टीव्ही म्हणाला, "दाखवीन की! पण चित्र येणार कशातून? वायर आण. तिचं एक टोक लॅपटॉपला, एक टोक मला. मग बघ गंमत."

वायर कुठं? वायर परसात! दोडक्याच्या वेलाला बांधलेली.

तुरुतुरु, तुरुतुरु, टुप्!

"वायरमावशी, वायरमावशी, घरात चल.
टीव्ही दाखवेना चित्र,
लॅपटॉप दाखवेना शेंग,
बुटका माझा उपाशी!"

वायर म्हणाली, "मला का हौस आहे इथं लटकायची? वेल सोडेल तर येईन."

झिपरी चढली वर. तुरुतुरु, तुरुतुरु, टुप्!

"वेलकाका, वेलकाका, वायर सोड.
वायर येईना घरात,
टीव्ही दाखवेना चित्र,
लॅपटॉप दाखवेना शेंग,
बुटका माझा उपाशी!"

वेल म्हणाला, "सोडीन गं. पण मग माझे दोडके पडतील ना धपाधप! रेवाच्या आबांनी दुसरं काही बांधलं, तर सोडीन."

आबा आले लंगडत लंगडत. पायात मोठे मोठे गमबूट.

"आई गं! सकाळपासून टोचतंय मेलं काहीतरी!"

तुरुतुरु, तुरुतुरु, टुप्!

"आबा, आबा, दुसरं काही बांधा.
वेल सोडेना वायर,
वायर येईना घरात,
टीव्ही दाखवेना चित्र,
लॅपटॉप दाखवेना शेंग,
बुटका माझा उपाशी!"

"वायर?" आबा म्हणाले. "अगं, मला वाटलं दोरीच! चांगली काळी, मऊ, लांबलचक. माझी सुतळी कुणी पळवली की. सुतळी आण, आत्ता बांधतो."

झिपरीचं शेपूट खाली.

"आबा… सुतळी मीच नेली. बुटक्याखाली घातली. मऊ मऊ."

आबा हसले. "असं होय! मग ही घे चिंधी. धोतराची आहे, सुतळीहून मऊ."

बुटक्याखाली गेली चिंधी. आबांकडे आली सुतळी.

आबांनी बांधली सुतळी.
वेलानं सोडली वायर.
वायर आली घरात.

"आबा!" रेवा ओरडली. "तीन दिवस शोधतेय मी हिला!"

एक टोक लॅपटॉपला. खट्! एक टोक टीव्हीला. खट्!

टीव्ही नुसता निळा निळा.

"चित्र कुठाय गं?" आबा म्हणाले.

"थांबा हो आबा, बटण दाबू द्या." टिक्!

टीव्हीनं दाखवलं चित्र. बाई गं! केवढं मोठं! केवढं स्वच्छ! झिपरीच्या मिशीचा केस न् केस दिसतोय. चित्रातली झिपरी शेंग घेऊन निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, टुप्! शिरली कुठं?

आबांच्या बुटात!

सगळ्यांनी बघितलं आबांच्या पायाकडे.

"तरीच!" आबांनी बूट काढला. उलटा केला. झटकला.

टप्! पडली शेंग.

दाणे तीन. एक बुटक्याला, एक आबांना. पाय दोघांचेही दुखत होते ना! आणि एक झिपरीला.

कुटुम कुटुम कुटुम.

दाणे गेले पोटात, टरफलं गेली परसात, गोष्ट राहिली कानात.