हिरवा रकाना

“सगळ्या तपासण्या झाल्या बुवा. आजार काही नाही म्हणतात. मग नाना खंगतात कशानं?”

विचारणारा विद्याधर. पुण्याहून आलेला, मोठ्या हुद्द्यावरचा. शेजारी त्याचे वडील, नाना. सदऱ्याच्या गळ्यात आणखी एक मान मावली असती, इतके वाळलेले.

मठाचे बापूबुवा पंगतीसाठी पत्रावळ्या पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “तू काय करतोस त्यांचं?”

“काय करत नाही, ते विचारा!”

त्यानं लॅपटॉप उघडला. आमच्या मठात पोथीसुद्धा कुणी इतक्या भक्तीनं उघडत नाही.

“घरातला रुपयान् रुपया या शीटमध्ये आहे. किराणा, दूध, पेट्रोल, शिकवण्या. खर्च टाकला की ज्याच्या त्याच्या रकान्यात आपोआप बेरीज होते. नानांचा रकाना वेगळा.”

“वेगळा का?”

“म्हणजे... त्यांच्यावर किती होतो ते कळायला.”

बुवांनी पत्रावळ खाली ठेवली.

“वाच.”

विद्याधरनं वाचलं. गोळ्या. कानातल्या यंत्राचे सेल. फळं. संध्याकाळी नाना देवळापाशी मित्रांकडे जात, त्याचं रिक्षाभाडं.

“दिवाळीपर्यंत नुसतं वाढत होतं. आता निम्म्यावर आलंय,” तो म्हणाला. “नीट लक्ष ठेवलं की होतं.”

“काय काय कमी केलंस?”

“मी? मी काहीच नाही केलं. ते आपोआपच...”

तो थांबला. उमगलं म्हणून नव्हे. तोंडावर पडायच्या आधी माणूस अडखळतो, तसा.

“घरात हे कोण कोण बघतं?”

“सगळेच. महिनाअखेरीला जेवणं झाली की समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीवर लावतो. बायको, पोरं, नाना. खर्च वाढला की रकाना लाल होतो, कमी झाला की हिरवा. लाल झाला तर बसून चर्चा करायची. पोरांना शिस्त लागते.”

इतका वेळ गप्प असलेले नाना पुढे सरकले. कानामागे हात धरून त्यांनी तेवढंच पकडलं असावं.

“माझा हिरवा असतो,” ते बुवांना म्हणाले. “हल्ली दर महिन्याला हिरवाच. हो की नाही रे विद्या?”

आणि पहिला नंबर आलेल्या पोरासारखे हसले. खोटं नाही सांगत, मी चुलीवर पिठलं घोटत होतो, माझा हात तिथंच थांबला.

विद्याधरनं लॅपटॉप मिटला.

“नाना, कानातलं यंत्र कुठंय?” बुवांनी मोठ्यानं विचारलं.

“खिशात आहे की. सेल लवकर संपतात हो. तसंच काही महत्त्वाचं असलं तर लावतो.”

“गोळ्या?”

“अर्धी अर्धी घेतो. गुण तोच.”

“आणि देवळात जाता का?”

“आता पाय दुखतात,” नाना म्हणाले. मग जरा थांबून, “रिक्षा महाग झाली...”

“मला सांगायचं नाही का नाना?” विद्याधर जवळजवळ ओरडलाच.

“त्यात काय सांगायचं? तुझी ओढाताण मला दिसत नाही का?”

पंगतीची घंटा झाली.

आमच्या मठाची रीत आहे. धडधाकट पाहुण्यानं आधी पंगत वाढायची, मग स्वतः जेवायचं. कलेक्टर आला तरी सुटका नाही. बुवांनी भाकऱ्यांची दुरडी विद्याधरच्या हातात दिली.

तो वाढत सुटला. मान खाली, कुणाकडे बघणं नाही. नानांच्या पानात पहिल्या फेरीला त्यांनी स्वतःच मोडून घेतलेली अर्धी भाकरी होती. विद्याधर पुन्हा समोर येताच त्यांनी पानावर आडवा हात धरला.

“पुरे.”

आणि हा शहाणा चालला पुढच्या पानाकडे! सवय, दुसरं काय.

“मागे ये,” बुवा म्हणाले.

तो मागे आला.

“नको म्हणतायत ते, बुवा.”

“ऐकलं मी.”

सगळी पंगत बघत होती. एवढा मोठा माणूस, पण धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं असणार. मला तर त्याच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटली.

मग तो नानांपुढे खाली बसला.

“नाना, घ्या ना अजून एक.”

“अरे, पुरे म्हटलं ना.”

“घ्या हो... माझी शपथ आहे तुम्हाला.”

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं, आमची जुनी समई तेवढी होती. त्यांनी अगदी हळू विचारलं,

“चालेल?”

विद्याधर ढसाढसा रडला. सगळ्यांदेखत, हातात भाकरी तशीच.

“मी तो रकाना पुसून टाकतो नाना. आजच्या आज पुसतो.”

“पुसू नको रे,” नाना घाबरून म्हणाले. “तेवढंच तर माझं नाव आहे त्यात.”

कुणी घास घेईना. नानांचा हात अजून पानावरच होता.

बुवा उठून त्यांच्यापाशी आले. त्यांच्या कानाशी वाकले.

“हात काढा नाना,” ते म्हणाले. “वाढायला शिकतोय तो.”