झालंच म्हणून समजा

मुलांनो, आणि मुलांचं निमित्त करून ऐकायला बसलेल्या मोठ्यांनो, वारा पडला की गलबतं जागच्या जागी उभी राहत, त्या फार जुन्या काळी समुद्रकाठी एक राज्य होतं. तिथल्या राजाच्या कानावर आलं, की शेजारचा राजा वाफेवर चालणारी आगबोट बांधतो आहे. झालं, याची झोप उडाली.

"नारळी पौर्णिमेला आपली आगबोट समुद्रात गेली पाहिजे," त्याने हुकूम सोडला.

"महाराज, लाकूड अजून ओलं आहे. तोवर नाही व्हायचं," एक सुतार म्हणाला.

त्याच संध्याकाळी सुताराचं घर पाडलं गेलं आणि त्याला बायकामुलांसकट वेशीबाहेर काढलं.

त्या दिवसापासून बंदरावर "नाही" हा शब्द कुणाच्या तोंडून निघेना. काम कुठवर आलं, असं विचारलं की जो तो म्हणे, "झालंच म्हणून समजा." मोठं सोयीचं बोलणं. धड खरं नाही, धड खोटं नाही, आणि मान शाबूत राहते.

बोटीचा वाफेचा हंडा एक लोहार घडवत होता. लोखंडी पत्रे खिळ्यांनी जोडून केलेला, खोलीएवढा मोठा हंडा. त्याच्या खालच्या एका सांध्यातून पाणी पाझरत होतं. तो सांधा उसवून नव्याने करायचा, मग हंडा पाण्याने गच्च भरून पाहायचा, आणि तो बाहेरून कोरडा राहिला तरच खाली जाळ करायचा, हे लोहार जाणून होता. पण तेवढ्यात पौर्णिमा उलटून गेली असती.

मुकादमाने विचारलं, "हंड्याचं काय?"

लोहाराच्या डोळ्यांपुढे सुताराचं पाडलेलं घर आलं. "झालाच म्हणून समजा," तो म्हणाला.

मुकादमाने प्रधानाला सांगितलं, "झाल्यातच जमा आहे." प्रधानाने राजाला सांगितलं, "झाला, महाराज."

पौर्णिमा उजाडली. काठावर सगळं गाव लोटलं. हंड्याखाली जाळ घालायला लोहाराचा धाकटा भाऊ उतरला होता. आईबाप गेल्यावर लोहारानेच त्याला वाढवलं होतं. पहिल्या निखाऱ्यांबरोबर हंडा कण्हू लागला. लोहार बोटीवर गेला आणि वरून वाकून म्हणाला, "वर ये. आत्ताच्या आत्ता वर ये."

"दादा, सांध्यातनं वाफ सुटलीय, मलाही दिसतंय," भाऊ खालून म्हणाला. "पण मी वर आलो तर जाळ विझेल. राजा विचारील, कुणी विझवला? काय सांगशील तू?"

लोहार मुकादमाकडे धावला. मुकादमाने मान फिरवली. प्रधानाकडे गेला. प्रधान पुटपुटला, "मी झालं म्हणून सांगून बसलोय रे." शेवटी लोहार राजापुढे जाऊन उभा राहिला.

"काय रे, हंडा झाला ना नीट?" राजाने विचारलं.

लोहाराला सांगायचं होतं, माझा भाऊ आत आहे, जाळ काढा. पण भीतीने घोकून घेतलेले शब्दच तोंडातून पडले. "झालाच म्हणून समजा, महाराज."

राजाने हात वर केला. खाली जाळ वाढवला गेला. मग असा आवाज झाला की काठावरची माणसं आडवी पडली. धूर सरला तेव्हा बोट मधोमध फाटून बुडत होती. लोहाराचा भाऊ त्यातून वर आला नाही.

"हंडा झाला असं कोण म्हणालं होतं?" राजा गरजला.

प्रधानाने मुकादमाकडे बोट केलं, मुकादमाने लोहाराकडे.

"मीच म्हणालो," लोहार म्हणाला. "तुम्हांला भ्यालो म्हणून म्हणालो. सांधा गळत होता, मला माहीत होतं. आता काय करायचं ते करा. भ्यायला माझ्याजवळ काही उरलं नाही."

राजा पाठ फिरवून वाड्याकडे निघून गेला. पुढे त्याने दुसरी आगबोट बांधायला काढली, पण तिच्यावर पाय ठेवायला कुणीच तयार होईना. बोट पूर्ण झाली आहे असं राजा शपथेवर सांगे, आणि लोक खाली मान घालून घरी जात. ती काठावरच कुजून गेली.

तात्पर्य: जिथे "नाही झालं" म्हणायची भीती वाटते, तिथे "झालं" या शब्दावर कुणी जीव सोपवू नये.