पुढे चाल कोणाला?

महाराजांनी येसबा वस्तादांना बोलावून बजावलं, की यंदाच्या कुस्त्यांत पुढे चाल मिळेल ती आमच्या मेहुण्याला, राणीसाहेबांच्या भावाला, रंगरावांनाच. आणि पक्षपात झाला असा शब्द एकाही तोंडातून निघता कामा नये. निघाला, तर वस्तादकी गेली.

मल्लांची संख्या विषम भरली की जोड्या लावताना एक जण एकटा उरतो. त्याला न लढताच पुढच्या फेरीत घेतात. हीच पुढे चाल. गेल्या वर्षी तिच्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. दर वेळी चिठ्ठी निघाली ती रंगरावांची. शेवटच्या कुस्तीला ते ताजेतवाने आणि समोरचा अर्धमेला. गदा रंगरावांनी नेली, शिव्या वस्तादांनी खाल्ल्या.

रात्री जेवताना वस्तादांनी हे सगळं घरी सांगितलं. नुकतीच लग्न होऊन आलेली त्यांची सून सगुणा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मामंजी, चिठ्ठ्या नकोच. ज्याला पुढे चाल हवी, त्यानं मागावी. पहिला मागेल त्याची."

"रंगराव लगेच मागतील की."

"मग महाराजांचं काम झालंच. फक्त मागायची ती आखाड्याच्या हौद्यात, लाल मातीत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी."

मैदानात हलगी थांबवून वस्तादांनी तसा पुकारा केला. रंगराव अर्धे उठले. समोर सगळा गाव, पुढच्याच रांगेत त्यांची सासुरवाडी. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि धोतर झटकल्यासारखं करून खाली बसले. शेवटी एक किडकिडीत मल्ल हौद्यात उतरला. "मला द्या बाबा. आत्ताच बासुंदी चापलीय." मैदान खदखदून हसलं. कुणाचीच तक्रार नव्हती.

मग रंगरावांची जोड लागली. हलगीला ताल सापडायच्या आत ते पाठीवर पडून आभाळ बघत होते.

युक्ती कुणाची ते कळल्यावर महाराजांनी वस्तादांना सुनेसकट समोर उभं केलं. हुकूम का मोडला?

"मोडला नाही, महाराज," सगुणा खाली बघत म्हणाली. "पुढे चाल मेहुणेसाहेबांच्या पुढ्यातच ठेवली होती. त्यांना नुसतं तोंड उघडायचं होतं. पण एवढ्या लोकांत 'मला लढायचं नाही' म्हणायला मोठी छाती लागते. ती बासुंदीवाल्याकडे निघाली."

महाराज पोट धरून हसले. मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सगुणाच्या हातावर ठेवलं, वस्तादकी कायम केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, आता हेच सगळं जरा राणीसाहेबांनाही सांगून ये. हुकूम मुळात त्यांचा होता, आणि मला संध्याकाळी घरी जायचंय."