यासुंगने फेडलेला दिवस

डोंगरांच्या ओंजळीत एक हिरवी दरी आहे. तिथे आपातानी लोक राहतात. त्यांच्या शेतात नांगर नाही, बैल नाही. कुदळ आहे आणि हात आहेत. पण शेत पाहावे तर आरशासारखे. पाण्यात भात, भाताच्या मुळाशी रुपेरी मासोळ्या, आणि बांधावर नाचणीची तांबूस कणसे. बोटभर जागा वाया नाही.

तिथल्या प्रत्येक बांधात बांबूची नळी असते. शेताला पुरेल इतके पाणी साचले की उरलेले नळीतून खालच्या शेतात जाते. लोभाने कोणी नळी वर चढवत नाही. पहारा नाही, तरी चढवत नाही.

या दरीत यासुंग नावाची एक चिमुकली मुलगी होती. बाप नव्हता. आईचा पाय मोडला होता. तिथे एकमेकांच्या शेतात पाळीने राबायची रीत. आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे. पण आई फेडणार कशी? म्हणून तिने कोणाला बोलावले नाही. शेताचा बांध खचला. त्यात ओढाही आटला. मासोळ्या शेतामधल्या उथळ खड्ड्यात दाटीने तडफडू लागल्या. भाताची पाती पिवळी पडली. हे भात गेले तर हिवाळ्यात मायलेकींना खायला काही नव्हते.

वरच्या शेतातला ताजो बांधावर टेकून म्हणाला, “यासुंग, तुझ्या मासोळ्या आता उडायला शिकणार वाटतं.”

“शिकल्या तर तुमच्याच शेतात उतरतील, काका. मोजून परत द्या.”

ताजो हसला. “मी येतो एक दिवस कामाला.”

“मग मीही येईन एक दिवस तुमच्याकडे.”

“तू? कुदळीएवढी तर आहेस. राहू दे, फेडू नकोस.”

“मग येऊही नका,” यासुंग म्हणाली.

ती खाली वाकली आणि खालच्या बांधातली नळी साफ करू लागली. नळीत चिखल बसला होता. तिने काडीने तो काढला. पाण्याची एक बारीक तार खाली पाझरली.

त्या तारेबरोबर नळीतून एक परी बाहेर आली. बोटाएवढी. अंगात भाताच्या पात्याचा हिरवा झगा, त्यावर खवल्यांची चमचम, पाठीवर चतुर किड्याचे काचेसारखे इवले पंख.

“तुझंच शेत कोरडं, आणि तू खाली जाणारी नळी साफ करतेस?” परीने विचारले.

“खाली याकांग आजीचं शेत आहे. नळी तिची.”

परी बांधावर बसली. “एक इच्छा माग. पण नियम ऐक. मी नवं काही करत नाही. इथलं उचलते, तिथं ठेवते.”

“माझ्या शेतात पाणी हवं.”

“देते. याकांग आजीचं उचलते.”

“नको.”

“मग ताजोचं? तो तुला हसला.”

यासुंगने वर पाहिले. ताजोची मासोळी पाण्यात टुणकन उडाली. “हसला म्हणून काय त्याच्या मासोळ्या मारायच्या? नको.”

“मग काय देऊ, पोरी?”

यासुंगने विचार केला. “देऊ नकोस. एक दिवस माझ्या शेतात काम कर. मी एक दिवस तुझ्या घरी काम करीन.”

परीचे पंख थरथरले. आजवर सगळ्यांनी तिच्याकडून घेतले होते. फेडायचे कोणी बोलले नव्हते.

“मी कुदळीएवढीच आहे,” यासुंग हळूच म्हणाली.

“मी तर तिच्या दांड्याच्या टोकाएवढी आहे. ठरलं.”

दिवसभर दोघी राबल्या. परीने हात लावला की ढेकूळ लोण्यासारखे फुटे. खचलेला बांध उभा राहिला. खड्डा खोल झाला, तळाशी ओल लागली, मासोळ्यांनी श्वास घेतला. पण शेतात पाणी आले नाही.

तरी दुसऱ्या दिवशी उजाडताच यासुंग फेडायला निघाली. परीचे घर वर रानात होते, उंच पाइन वृक्षांच्या मुळाशी. तिथे एक झरा होता. दरड कोसळून तो माती आणि कुजक्या पानांनी बुजला होता.

“तू का नाही साफ केलास?” यासुंगने विचारले.

“परीचा हात स्वतःच्या घराला चालत नाही. आणि आम्हाला मागायची मनाई आहे.”

यासुंगने बाह्या सरसावल्या. पाने उपसली, दगड ढकलले, माती ओंजळीने बाजूला केली. बोटे सोलवटली. दुपार कलली तेव्हा एक शेवटचा धोंडा हलला.

झरा खळखळला. निळेशार, गार, फेसाळ पाणी उड्या मारत उताराला लागले. दरीतला ओढा याच झऱ्यातून निघत होता.

“फिटलं,” परी म्हणाली.

“फिटलं,” यासुंग म्हणाली.

परीने तिच्या सोलवटलेल्या बोटांवर फुंकर घातली. मग ती पाण्यावर उभी राहिली. हिरवी, रुपेरी, सोनेरी झाली, आणि उन्हाच्या एका लखलखाटात विरून गेली.

यासुंग खाली आली तेव्हा ताजोचे शेत भरले होते. त्याच्या नळीतून पाणी तिच्या शेतात येत होते, तिच्या नळीतून याकांग आजीकडे. पिवळी पाती मान वर करत होती. मासोळ्या भातातून सुळसुळ फिरत होत्या.

ताजो बांधावर उभा होता. त्याने तिची बोटे पाहिली आणि हसला नाही.

“यासुंग, उद्या माझ्याकडे कामाला येशील? परवा मी तुझ्याकडे येईन.”

“येईन. कुदळ माझी मी आणीन.”

त्या वर्षी मायलेकींच्या घरात भात मावेना. ज्याने खाली पाणी सोडले, त्याचे शेत वरून भरले. तुमचेही भरो.